उजव्या खांद्याचा दस्ता

"गाल दाखवा. तो नव्हे हो, बंदुकीला टेकता तो."

टेलरबाईंनी मान वळवली. उजव्या गालाच्या हाडावर नाण्याएवढा जांभळा डाग होता, कडेनं पिवळा पडत चाललेला.

"आणि दंड?"

"दंडही दाखवायचा? नवऱ्याला आधीच संशय, ही रविवारी कुणाचा मार खाऊन येते म्हणून."

"खाऊनच येताय. ह्या दस्त्याचा." त्यानं टेबलावरची बंदूक उचलली, बिजागरीवर मोडून नळ्या रिकाम्या आहेत का पाहिलं आणि मागचं लाकूड टिचकी मारून वाजवलं. "हा कुणासाठी केला होता?"

"दिरासाठी. त्यांनी खेळ सोडला, मला दिली."

"दीर किती उंच?"

"दारातून वाकून येतात."

"मग झालं तर! त्यांचा पायजमा घालून तुम्ही नाचायला निघालात आणि पाय अडकला की म्हणता, मला नाचता येत नाही."

बाई हसल्या. तोही हसला. त्या दिवसाचं त्याचं हसू तेवढंच.

मैदानावर त्याला दस्तेवाला म्हणत, गल्लीतही तेच. त्याचं खरं नाव बहुधा दारावरच्या मीटरच्या बिलावर तेवढं उरलं असावं. बंदुकीचं लोखंडी काम तो करत नसे. तो मागचं लाकूड करायचा, जे खांद्याला लागतं आणि ज्यावर गाल टेकतो ते. दहा बाय बाराची खोली, उत्तरेला खिडकी, खिडकीखाली लाकूड घट्ट धरायचा शिकंजा, भिंतीवर कानशी, पटाश्या, करवती. सगळीकडे अक्रोडाचा भुसा आणि जवसाच्या तेलाचा वास. तो वास त्याच्या अंगातही मुरलेला. तो जिना चढला की शेजारणीला न बघता कळायचं कोण आलं ते.

मैदान गावाबाहेर. तिथं यंत्रातून मातीच्या चकत्या उडतात, लहान बशीएवढ्या, आणि त्या हवेतच छऱ्यांनी फोडायच्या. खेळ एवढाच. पण ह्या बंदुकीची एक गंमत आहे आणि दस्तेवाला ती प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. "रायफलीला मागं खाच असते, पुढं टोक असतं, दोन्ही जुळवा आणि मारा. हिला पुढं नुसता मणी. मागची खाच कुठाय? ही." आणि स्वतःच्या डोळ्याखाली बोट ठेवायचा. "डोळा जिथं येईल तिथं छर्रे जाणार. आणि डोळा कुठं यायचा ते लाकूड ठरवतं. लांब झालं की काखेत अडकतं आणि दंड फोडतं. आखूड झालं की अंगठा नाकावर. गालाखाली खोल झालं तर डोळा लोखंडात बुडतो आणि गाल सडकून निघतो. माणूस चुकत नाही हो. माप चुकतं."

माणूस चुकत नाही, माप चुकतं. हे तो इतक्यांदा म्हणाला होता की मैदानावरची माणसं त्याची नक्कल करताना तेच म्हणत.

मापाचं वेड असं की तो माणसाकडे माणूस म्हणून बघतच नसे. बसमध्ये समोर कुणी बसलं की मनात चालू : मान लांब, गाल बसके, खांदा उतरता. एकदा मयतीला गेला होता, तिथं बायकोच्या कानाशी लागून म्हणाला, "सव्वाचौदा." ती माउली रडत होती. तिला वाटलं, हा सरणाच्या लाकडाचा भाव सांगतोय. मेलेल्याच्या हाताची लांबी बघून दस्ता किती इंच लागला असता ते सांगत होता हा!

बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता त्याच्याकडे. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक चिठ्ठी. लांबी, गालाची उंची, लाकडाचा बाजूचा बाक, जो उजव्या खांद्याला एकीकडे आणि डाव्याला दुसरीकडे, आणि शेवटी डोळा. कारण बंदूक धरणारा हात उजवा असला तरी हुकमी डोळा उजवाच असेल असं नाही. काहींचा डावा डोळा दादागिरी करतो. मग बंदूक उजव्या खांद्यावर, बघतो डावा, आणि छर्रे जातात भलतीकडे. चाळीस वर्षांत त्यानं डोळा तपासल्याशिवाय एक चिठ्ठी लिहिली नव्हती.

"आता दोन्ही डोळे उघडे ठेवा," तो टेलरबाईंना म्हणाला. समोर सहा पावलांवर उभा राहिला. "माझ्या नाकाकडे बोट दाखवा. पटकन. विचार करू नका."

बाईंनी बोट रोखलं. त्यानं बोटाच्या शेंड्यावरून पलीकडे पाहिलं. बोटाच्या मागं बाईंचा डावा डोळा होता.

"पुन्हा."

पुन्हा डावाच.

"डावा डोळा हुकमी आहे तुमचा. उजव्या खांद्यावर बंदूक आणि दोन्ही डोळे उघडे, म्हणजे जन्मभर चकतीच्या डावीकडे मारत बसाल. एक तर डावा खांदा शिका. नाही तर डावा डोळा मिटा. नाही तर चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावा."

"अगं बाई! म्हणजे मी मिटत होते ते बरोबर होतं?" बाईंनी टेबलावर थाप मारली. "आपोआप मिटायचा हो माझा. आणि मिटला की फुटायची चकती! पण मागच्या बाकावरचे सगळे ओरडायला लागले. दोन्ही उघडा, दोन्ही उघडा, घाबरता कशाला. आणि वर हसतात. म्हणतात, आली, दुसरी मिचकी आली."

दस्तेवाल्याच्या हातात मोजपट्टी होती. ती त्यानं उगाच गुंडाळली, पुन्हा सोडली.

"ती स्कोअर लिहिणारी आहे ना खोपटात," बाई म्हणाल्या, "तिला मिचकी का म्हणतात हो? चांगली बाई आहे. मला तरी तिचे डोळे कधी मिचकताना दिसले नाहीत. चकती फुटली की नाही ते आम्हाला कळायच्या आधी तिनं लिहिलेलं असतं."

"काय की," दस्तेवाला म्हणाला. "मला माहीत नाही."

ती त्याची मुलगी होती.

आणि मिचकी हे नाव त्यानंच ठेवलं होतं, पंधरा वर्षांपूर्वी, त्याच मैदानावर, साठ माणसांच्या समोर.

तेव्हा पोरगी सोळाची. लहानपणापासून दुकानातल्या भुशात खेळलेली, बापामागं मैदानावर जाऊन फुटक्या चकत्यांचे तुकडे गोळा करणारी. बंदूक धरायचं वय झाल्यावर तिनं मागितली, आणि बापानं दिली. कुठली दिली? स्वतःची. दुकानाच्या भिंतीवर आजही टांगलेली आहे ती. तिचा दस्ता म्हणजे त्यानं एकट्यानं केलेलं पहिलं काम. अक्रोडाच्या मुळाजवळचं लाकूड, त्यात धुरासारख्या काळ्या रेघा. गिऱ्हाईक आत आलं की आधी त्या लाकडाला हात लावायचं. दस्ता त्याच्या मापाचा, आणि तो पावणेसहा फुटाचा गडी. पोरगी त्याच्या खांद्याला लागायची.

बायको म्हणाली होती, "अहो, तिच्या दंडावर काळंनिळं झालंय."

"सवय होईल."

"जरा कापून द्या की. लोकांचे कापता."

"ते लाकूड कापायचं?" त्याचा आवाजच बदलला होता. "वाढतंय तिचं अंग. ती येईल मापाला."

दुसऱ्या कुणाची पोर असती तर चिठ्ठी लिहून, डोळा तपासून, दीड इंच उडवून दिला असता. घरच्या पोरीची कसली आलीय चिठ्ठी! ती काय गिऱ्हाईक होती?

संघाच्या निवडीचा दिवस. पंचवीस चकत्या, अठरा फोडल्या की संघात. पोरगी उभी राहिली. दस्ता लांब, म्हणून मागं झुकलेली, बंदूक दंडावर सरकलेली. तरी पहिल्या नवातल्या आठ फोडल्या. बाकांवरची माणसं गप्प झाली होती, म्हणजे चांगलं चाललं होतं. दस्तेवाला कडेनं पुढं सरकला, पोरीचा चेहरा बघायला. आणि त्याला दिसलं, बंदूक गालाला लागली की पोरगी डावा डोळा मिटते.

आता हे मैदानावरचं पहिलं सूत्र : दोन्ही डोळे उघडे. डोळा मिटतो तो आवाजाला भितो. दस्तेवाल्याची पोर आवाजाला भिते? त्याच्या कानशिलांत रक्त चढलं. तो तिथूनच ओरडला, "दोन्ही डोळे उघड! भितेस काय? मिचकी कुठली!"

सगळे हसले. हसण्यासारखंच म्हणाला होता तो, आणि हसू आलं म्हणून त्याला बरंही वाटलं होतं. पोरीनं दोन्ही डोळे उघडले. बाप सांगतोय, त्यात बाप असा की ज्याला विचारायला लोक चार गावं ओलांडून येतात. राहिलेल्या सोळांत चार फुटल्या. एकूण बारा.

तिनं बंदूक मोडून रिकामी केली, बंदुका ठेवायच्या चौकटीत उभी केली आणि चालायला लागली. बाप बाकावरच्या लोकांना सांगत होता, "काय करणार, डोळाच मिटते. पुढं बघू." पुढं काही बघायचं राहिलंच नाही. त्यानंतर तिनं बंदुकीला हात लावला नाही. वर्षभरानं जुना स्कोअरवाला गेला आणि ती त्याच्या जागी खोपटात बसली. कुणी हाक मारायचं, "मिचके, किती झाले?" ती आकडा सांगायची. एकतिशीची झाली तरी मिचकीच. नवीन माणसाला वाटायचं, लाडाचं नाव आहे.

टेलरबाई चिठ्ठी लिहून होईपर्यंत बोलतच होत्या. "तुमचं काम आमच्यासारखंच की. फक्त एक फरक आहे हं. कंबरेत घट्ट झालं तर आम्ही गिऱ्हाइकाला जाड म्हणत नाही. आम्ही शिवण उसवतो."

त्यांच्या मनात काही नव्हतं. पण दस्तेवाल्याला तोंडात बसल्यासारखं झालं. बाई गेल्यावर त्यानं बिस्किटांचा डबा उपडा केला. चारशेवर चिठ्ठ्या निघाल्या. माणसं मेली त्यांच्या होत्या, गाव सोडून गेली त्यांच्या होत्या. एका सर्कसवाल्याची होती, जो एकदाच आला आणि पुन्हा दिसलाच नाही. पोरीची नव्हती. नसणार हे त्याला माहीत होतं, तरी त्यानं डबा दोनदा चाळला.

संध्याकाळी घरी स्वयंपाकघरात पोरगी कांदा चिरत होती आणि तिची आई भांडी पुसत होती. तो दारातच उभा राहिला.

"आत या की. पाहुणे आहात का?" बायको म्हणाली.

"जरा माझ्या नाकाकडे बोट दाखव," तो पोरीला म्हणाला.

पोरीनं सुरी खाली ठेवली नाही. "डावा," ती म्हणाली.

"काय?"

"डावा डोळा हुकमी आहे माझा. तेच बघायचंय ना तुम्हाला?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सात वर्षं झाली. बाहेरगावचे एक शिकवणारे आले होते, त्यांनी एकाच्या चष्म्याला चिकटपट्टी लावली. तो आधी माझ्यासारखाच डावीकडे मारायचा. मी खोपटात बसल्या बसल्या खिळ्याकडे बोट दाखवून पाहिलं." तिनं चिरलेला कांदा पातेल्यात लोटला. "आणि दस्ता दीड इंच लांब होता. ते तर मला तेव्हाही कळत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कधी? तेव्हा? तुम्ही ते लाकूड पुसत होता तेव्हा?"

आई मधेच म्हणाली, "मी बोलले होते. दंड दाखवला होता."

"तू गप्प बस गं," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं की हेही चुकलं. बायकोनं ताट जरा जोरात ठेवलं, एवढंच.

तो खुर्चीवर बसला. चाळीस वर्षं लोकांच्या गालाला, मानेला, खांद्याला हात लावून माप घेणारा माणूस, पण पोरीकडे बघायला त्याची मान वर होईना. म्हणाला, "चुकलं माझं."

"बरं."

"मी मनापासून म्हणतोय."

"मीही मनापासून बरं म्हणतेय." तिनं पाण्याखाली हात धरले. "पण हे तुम्ही स्वयंपाकघरात म्हणताय, बाबा. ते मैदानावर म्हणाला होतात."

जेवणं झाली. तो दोन घास खाऊन उठला, आणि कुणी त्याला थांब म्हटलं नाही.

रविवार यायला चार दिवस होते. त्या चार दिवसांत त्यानं मैदानावर न जाण्याची सात कारणं काढली. गुडघा दुखत होता. सर्दी होणार होती. दोन दस्ते द्यायचे होते. आणि एवढ्या वर्षांनी उकरून पोरीलाच त्रास की! हे सातवं कारण त्याला जरा बरं वाटलं, म्हणूनच त्यानं ते टाकून दिलं. स्वतःची सोय कुठली आणि पोरीची कुठली, एवढं तरी त्याला आता कळायला लागलं होतं.

रविवारी तो गेला. नेहमीची माणसं, नेहमीचे बाक, किटलीतला चहा. टेलरबाई चष्म्याच्या डाव्या काचेला चिकटपट्टी लावून, दिराचीच बंदूक घेऊन उभ्या होत्या. नवा दस्ता अजून शिकंज्यात होता. तरी पाचातल्या तीन फोडल्या त्यांनी. खोपटाच्या खिडकीत पोरगी, हातात पेन्सिल, दुसऱ्या हाताखाली चकत्या सोडायचं बटण.

मैदानाचा सेक्रेटरी, पोटानं गोल आणि आवाजानं मोठा, ओरडला, "मिचके! बाईंचे किती?"

"तीन."

"तिला मिचकी म्हणू नका," दस्तेवाला म्हणाला.

हळूच म्हणाला होता, पण दोन बारांच्या मधल्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं. सेक्रेटरी वळला. "आँ? अहो, पोरगी तुमची, नाव तर तुम्हीच ठेवलंत!"

झाला हशा. पंधरा वर्षांपूर्वीचाच हशा, त्यातलेच बरेच लोक, फक्त केस पांढरे. टेलरबाईंनी बंदूक मोडली आणि आळीपाळीनं त्याच्याकडे आणि खिडकीकडे पाहिलं. ही ह्यांची मुलगी हे त्यांना तेव्हा कळलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी फक्त भुवया वर केल्या. दस्तेवाल्याला वाटलं, साठ माणसांचं हसू पुरवलं असतं, ह्या भुवया नकोत.

"मीच ठेवलं," तो म्हणाला. "ती भीत नव्हती. डावा डोळा हुकमी होता तिचा, म्हणून मिटत होती. मिटत होती ते बरोबर होतं. मी उघडायला लावला. आणि दस्ता लांब होता. म्हणजे चूक बंदुकीची होती."

"बंदुकीची?" खिडकीतून आवाज आला. चढा नव्हता, स्कोअर विचारावा तसा.

दस्तेवाल्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

"माझी," तो म्हणाला. "मी तिचं माप घेतलं नाही. लाकूड कापायला जिवावर आलं माझ्या. लोकांची मापं घेतली, तिचं नाही. आणि इथं उभा राहून तिला भित्री म्हणालो."

कुणीतरी खाकरलं. सेक्रेटरी चहाच्या कपात बघायला लागला. मागून एक म्हातारा म्हणाला, "माणूस चुकत नाही, माप चुकतं!" नक्कल जुनीच होती, पण ह्या वेळी कुणी हसलं नाही, आणि म्हाताऱ्यानं स्वतःच, "तसं नाही हो, आपलं सहज," असं म्हणून तोंड पुसलं.

दस्तेवाल्याला वाटलं होतं, एकदा बोललं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट आता सगळ्यांना माहीत होतं, आणि तो तिथं उन्हात उभा होता, हातांचं काय करायचं ते न कळून.

"पुढचा नंबर," पोरगी खिडकीतून म्हणाली.

सोमवारी दुपारी त्यानं भिंतीवरची आपली बंदूक उतरवली. दस्ता काढून शिकंज्यात धरला. मागून दीड इंचावर पेन्सिलीची रेघ मारली, करवत घेतली आणि दाते रेघेवर टेकवले. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. पोरगी डबा घेऊन आली होती. एरवी डबा आईच आणायची.

तिनं शिकंज्याकडे पाहिलं, करवतीकडे पाहिलं.

"हे काय करताय?"

"कापतोय. तुझ्या मापाचा."

"कापू नका." तिनं डबा खिडकीत ठेवला. "बाक उजव्या खांद्याचा आहे त्याला. मला काय उपयोग? चांगलं लाकूड फुकट जाईल."

त्याचा हात थांबला. हे त्याला सुचायला हवं होतं. धंद्यातलं पहिल्या वर्षाचं ज्ञान ते. पोरीसाठी करतोय म्हणत तो पुन्हा स्वतःसाठीच काहीतरी करायला निघाला होता. बाप लाकूड कापतोय हे पोरीनं बघावं म्हणून. कानापर्यंत तापला तो. करवत खाली ठेवताना ती शिकंज्यावर आपटून वाजली.

"माप घेऊ तुझं?" त्यानं विचारलं. "डाव्या खांद्याचं. नवीन लाकूड आहे."

पोरीनं टेबलावरच्या चिठ्ठ्यांच्या ढिगाकडे पाहिलं. सगळ्यात वर एक कोरी चिठ्ठी होती. तिच्यावर फक्त शेवटचा रकाना भरलेला : डोळा, डावा.

"बघू," ती म्हणाली. मग दाराशी जाऊन वळली. "टेलरबाईंचा कधी देताय? त्या विचारत होत्या. ह्या रविवारी त्यांना पंचवीस मारायच्यात."

"शनिवारी."

"गालाखाली जास्त उचलू नका. मान आखूड आहे त्यांची."

ती जिना उतरून गेली. पावलं रस्त्यावर पोचेपर्यंत तो ऐकत राहिला. मग त्यानं आपला दस्ता शिकंज्यातून काढला, पेन्सिलीची रेघ अंगठ्यानं पुसायला गेला, ती पुरती पुसली गेली नाही. तो दस्ता कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवला. टेलरबाईंचा शिकंज्यात चढवला, त्यांची चिठ्ठी समोरच्या खिळ्याला अडकवली, मान आखूड एवढं तिच्यावर वाढवलं, आणि बारीक कानस घेऊन गालाखालची धार उतरवायला लागला.